विहीणबाईंच्या झाडाची खुशाली

आदरणीय व्याहीबुवांस,

मुलीच्या बापाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तुम्ही दर खेपेला म्हणता, अहो, सोडा आता ते वाकणं, पोरांच्या संसाराला इतकी वर्षं झाली. पण मुलीच्या बापाची मान एकदा वाकली की तिला सरळ व्हायची सवयच राहत नाही, त्याला मी तरी काय करू?) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता ना? सूनबाई औषध वेळेवर देते ना? देत नसेल तर मला कळवू नका, तिच्या आईला कळवा, कारण या घरात माझा शब्द शिलाई मशीनसुद्धा ऐकत नाही. इकडे आम्ही बरे आहोत. हिची कंबर अधूनमधून बोलते आणि ही स्वतः अखंड बोलते, म्हणजे काळजीचं कारण नाही. माझी नजर सुईत दोरा ओवताना थोडी रुसते, बाकी तब्येत ठणठणीत. आणि झाड खुशाल आहे. अंमळ जास्तच खुशाल आहे, आणि म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवर हे सांगायचं दोनतीनदा ठरवलं होतं, पण फोनवर तुमची रीत मला पाठ झाली आहे. "झाड कसं आहे?" असं तुम्ही विचारता, मी "मजेत" म्हणतो, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात असतानाच तुम्ही फोन सूनबाईच्या हातात देता. पत्राला ते करता येत नाही. आता शेवटपर्यंत वाचा, आणि कृपा करून खुर्चीत नीट टेकून बसा.

तुम्ही जावईबापूंबरोबर गाव सोडून निघालात तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बस सुटायला आली, तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलंत. मला वाटलं, आता घराच्या किल्लीबद्दल सांगाल, नळाबद्दल सांगाल. तुम्ही एवढंच म्हणालात, झाडाकडे लक्ष ठेवा. मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून ठेवतो. (माणूस निघताना आपण काय वाटेल ते कबूल करतो, आणि बस वळली की त्याचं ओझं कळतं.) विहीणबाई त्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्याच्या खिडकीतून दिवसभर एका झाडाकडे बघत असायच्या. नाजूक पानं, पांढरे गोंडे, आणि उन्हं उतरली की पानं मिटून घेणारं ते झाड. जरा बरं वाटलं तेव्हा त्यांनी नर्सबाईंकडून त्याच्या चार शेंगा मागवून घेतल्या आणि घरी आल्यावर त्यांतलं बी रंगाच्या रिकाम्या डब्यात पेरलं. रोप वीतभर झालं तेव्हा त्या गेल्या. ते रोप तुम्ही तळ्याकाठी लावलंत, तुम्ही दोघं संध्याकाळी बसायचात त्या बाकाशेजारी. त्या दिवशी बादली मी धरली होती. डोळ्यांत कचरा गेला असं मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते मानून घेतलंत, याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते.

तर शब्द दिला होता, तो पाळणं आलं. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी चिखलापलीकडे सरकतं, म्हणून उन्हाळाभर मी घरून बादली वाहिली. पाणी निम्मं रस्त्यावर, पाव माझ्या पायजम्यावर आणि उरलेलं झाडाला. एक दिवस तळ्याच्या फाटकावर पाटी दिसली. 'तळं आणि भोवतालचं रान सांभाळायला माणसं हवीत. दर रविवारी सकाळी. अवजारं आम्ही देऊ, चहाही आम्हीच देऊ.' मला वाटलं, देव पावला! झाडं सांभाळणारी मंडळी, म्हणजे पाणी घालणारी मंडळी. आपण नाव द्यायचं आणि आपलं झाड त्यांच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. ही म्हणाली, घरातल्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत, आणि निघाले रान सांभाळायला! मी तिकडे काणाडोळा केला. पहिल्या रविवारी बाईंनी आम्हाला ओळीत उभं केलं. (बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायच्या. अजून आवाज असा की तळ्यातली बदकं रांगेत पोहतात.) त्यांनी चिखलातून एक रोप मुळासकट ओढून काढलं, सगळ्यांपुढून फिरवलं आणि म्हणाल्या, हे तोंड नीट ओळखून ठेवा, ही सुबाभूळ. बाहेरून आलेली. एक झाड मोठं होऊ दिलं तर हजार रोपं टाकतं, आणि काही वर्षांत काठावर दुसरं काही उरत नाही. म्हणून आजचं काम पाणी घालायचं नाही, उपटायचं आहे. व्याहीबुवा, ते तोंड मी ओळखत होतो. त्याच तोंडाला मी उन्हाळाभर बादलीने पाणी पाजलं होतं. बकरी राखायची म्हणून मी चक्क खाटकाकडे नोकरी धरली होती.

तेव्हाच चप्पल घालून घरी यायचं, असं तुम्ही म्हणाल. हीसुद्धा तेच म्हणते, आणि दिवसातून दोनदा म्हणते. पण मी विचार केला की मी निघून गेलो तर झाडाचं कोण बघणार? आत राहिलेलं बरं, आतल्या माणसाला चार गोष्टी करता येतात. तेवढ्यात बाईंनी प्रत्येकाला धंदा विचारला. मी शिंपी म्हटल्याबरोबर त्या खूश झाल्या, कारण त्यांच्या कामाची रीतच चिंध्यांवर चालते. जे झाड आपल्याकडचं, मूळचं, त्याला पांढरी पट्टी बांधायची, म्हणजे नवख्यांनी हात लावायचा नाही. जे काढायचं त्याला लाल पट्टी. आजवर त्या जुन्या चादरी फाडून भागवत होत्या. मी दुसऱ्या रविवारी पट्ट्या नेल्या त्या एका मापाच्या, कडा दुमडून टीप मारलेल्या. (सुतं लोंबणारी पट्टी मला बघवत नाही, मग ती झाडाच्या गळ्यात का असेना.) बाईंनी ती बोटांवर फिरवून पाहिली आणि जाहीर केलं, आजपासून पट्ट्यांचं खातं मास्तरांकडे. झालं! सगळे चहाला वळले तेव्हा मी हळूच बाकाकडे गेलो आणि आपल्या झाडाला पांढरी पट्टी बांधून आलो. साप मरावा आणि काठीही मोडू नये, तसं झालं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पान डोळ्यांजवळ धरल्याशिवाय त्यांना ओळखू येत नव्हतं, पट्टी तेवढी लांबून दिसायची, आणि माझ्या टिपेवर त्यांचा विश्वास बसला होता.

इथवर गोष्ट माझ्या मापात होती. पुढे बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, एक डोळा मग दुसरा, आणि पुष्कळ दिवस धूळ-माती-ऊन बंद. जाताना त्यांनी मंडळी माझ्या हवाली केली. का, तर या माणसाच्या कामात काटेकोरपणा आहे! मी नको नको म्हटलं, ते सगळ्यांनी विनय म्हणून घेतलं. मग जुनी माणसं एकेक करून गळाली आणि नवी आली, त्यांत एक बेकरीवाला. देहाने कपाटाएवढा आणि मनाने इतका सरळ की त्याच्याशी बोलताना आपलीच जीभ अडखळते. त्याला सगळं शिकायचं होतं. पांढऱ्या पट्टीचं एकेक झाड घेऊन तो पानं पाठ करत सुटला, आणि एका रविवारी धावत आला, घामाघूम, तोंड नुसतं फुललेलं. म्हणे, मास्तर, चला लवकर, बाकापलीकडे बघा आपली देशी रोपं किती आली आहेत! गेलो. बघतो तर काय, आपल्या झाडाची पिलावळ पार पाण्यापर्यंत उतरलेली. आता मी काय बोलावं? परकी आहेत म्हणावं, तर आईच्या गळ्यात पांढरी पट्टी मीच घातलेली. देशी म्हणावं, तर बाईंचं ते पहिल्या दिवशीचं बोलणं कानात घुमत होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं! मी मूग गिळून उभा राहिलो. त्या भल्या माणसाने त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि सगळ्यांना कामाला लावलं. रोपांभोवती दगडांची आळी झाली. रोपांना जागा हवी म्हणून काठावरचा लव्हाळा खणून काढला, पाणकणसं उपटून टाकली, कारण त्यांना कसल्याच पट्ट्या नव्हत्या. बेकरीतले तेलाचे रिकामे डबे घासून त्यांनी पाणी घातलं. आणि रोपं मोजून त्याने माझ्याकडे पांढऱ्या पट्ट्या मागितल्या, त्या मी शिवून दिल्या. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणतात, व्याहीबुवा, इथे तर कुंपणाला टीपसुद्धा मीच मारत होतो.

रोज ठरवायचो, येत्या रविवारी सांगून टाकू. मग तुमचा फोन यायचा, झाड कसं आहे, आणि मी मजेत म्हणायचो, आणि रविवार तसाच जायचा. (दरम्यान माझा मान वाढत होता. रस्त्यात लोक थांबवून कुंडीतल्या झाडांची दुखणी विचारायला लागले. एकाला मी कढीपत्त्याला उसंत द्या असं सांगितलं. त्याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही, पण त्याचं झाड म्हणे सुधारलं.)

बाई परत आल्या त्या सकाळी मंडळींनी त्यांचं स्वागत ठरवलं होतं. काळा चष्मा, हातात काठी, आणि पुढे बेकरीवाला वाट दाखवतोय. त्याने त्यांना थेट बाकापलीकडे नेलं आणि म्हणाला, बाई, बघा, तुमच्या मागे आम्ही काय केलं ते. बाईंनी चष्मा काढला. काठी टेकत पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या. त्या कोपऱ्यात दर वर्षी टिबुकली घरटं करते. करते म्हणजे करायची. लव्हाळ्याच्या काड्यांना अडकवून पाण्यावर तरंगतं घरटं. यंदा लव्हाळाच नव्हता, आणि पाण्याशी जिथे चिखल असायचा तिथे आमच्या सुबाभळी छातीएवढ्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात पांढरी पट्टी. बाईंनी हळू आवाजात विचारलं, पट्ट्या कुणी बांधल्या? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं, तेही कौतुकाने! मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. बाईंनी एक रोप उपटलं, बेकरीवाल्याच्या हातात दिलं आणि हे काय ते दोन शब्दांत सांगितलं. तो माझ्याकडे वळला नाही. तो आपल्या हातांकडे बघत राहिला, त्या लव्हाळा खणून काढलेल्या हातांकडे. मला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मग मी सगळं सांगितलं. विहीणबाई, दवाखान्याची खिडकी, डबा, बस, दिलेला शब्द, सगळं, तिथेच चिखलात उभं राहून. माझं नाक वाहत होतं आणि खिशात रुमालाऐवजी पट्ट्याच निघत होत्या.

कुणी मला हाकललं नाही. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं. बाई बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी झाड नीट पाहिलं, पहिल्यांदाच. म्हणाल्या, झाडाचा गुन्हा नाही, लावणाऱ्यांचा तर मुळीच नाही, फक्त जागा या झाडाची नव्हे. त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही उपटण्यात घालवले. या रोपाचं मूळ म्हणजे काय चीज आहे, ते एकदा ओढल्याशिवाय कळायचं नाही. वर बोटभर दिसणाऱ्याचंही खाली हातभर. माझ्या तळव्यांना असे फोड आले की कात्री धरता येईना, आणि गिऱ्हाइकांचे कपडे पडून राहिले. बेकरीवाला बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता. मग मी एकदा गुडघ्याएवढ्या गाळात रुतलो, आणि त्याने मला काखेत धरून वर काढलं, तेव्हापासून थोडंथोडं बोलतो. आणि आश्चर्य म्हणजे हीसुद्धा आली, कंबर बांधून. (लग्नात हिच्यात आणि विहीणबाईंच्यात आहेराच्या साडीवरून काय रुसवे झाले ते तुम्हाला आठवतच असेल. पुढे त्याच दोघी एकमेकींवाचून घास घेत नव्हत्या.) ही एकेक रोप उपटायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. जवळ जाऊन ऐकलं तर प्रत्येक रोपाला विहीणबाईंची माफी मागणं चाललं होतं. मी मागे सरलो आणि दुसऱ्या टोकाला जाऊन काम केलं.

आता रोपं गेली. लव्हाळ्याचे गड्डे दुसऱ्या काठावरून आणून लावलेत, बाई म्हणतात रुजतील, टिबुकलीचं मात्र त्या काही सांगत नाहीत. राहिलं आहे ते झाड. त्याला कुणी हात लावलेला नाही. लावणाऱ्याला विचारल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, असं बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, पण लगेच हेही म्हणाल्या की शेंगा कुणासाठी थांबायच्या नाहीत. शेंगा भरल्या आहेत. हिरव्या होत्या तेवढ्या मी शिडी लावून कापडाच्या कात्रीने कापल्या (कात्री गेली कामातून), पण शेंड्याला हात पोचत नाही. त्या वाळून फुटल्या की सगळं पहिल्यापासून. नुसतं तोडून भागत नाही, बुंध्यातून परत फुटतं, मुळासकटच काढावं लागतं. पांढरी पट्टी मी माझ्या हाताने सोडली आहे आणि लाल बांधली आहे.

मुलीला आधी फोन केला होता. ती रडली, आणि मग म्हणाली, बाबा, वाऱ्याने पडलं असं सांगा, मामंजींना हे सोसायचं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मानलंही असतंत. मी दोन दिवस ते वाक्य घोळवून पाहिलं. पण व्याहीबुवा, एका खोट्याने तळ्याचा अख्खा काठ उजाड केला, दुसऱ्याला आता मी धजत नाही. आणि तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. लग्न ठरवताना मुलगा घोरतो हेसुद्धा तुम्ही आपण होऊन सांगितलंत. म्हणून विनंती एवढीच, की एका कार्डावर 'काढा' असा एक शब्द लिहून पाठवा. बाकी सगळं मी निभावतो, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. बाक तिथेच राहील. त्या जागी करंज लावू असं बाई म्हणतात, तुम्ही दुसरं सांगाल तर दुसरं. तेवढ्याने तुमचं समाधान होईल असं मी म्हणत नाही. माझंही झालेलं नाही.

जावईबापूंना आशीर्वाद, मुलीला आशीर्वाद आणि एक रागावणं (का ते तिला ठाऊक आहे), नातीचा पापा. तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर काढा, बेकरीवाल्यावर आणि बाईंवर नको.

आपला नम्र,
मुलीचा बाप
(पट्टीखात्याचा माजी प्रमुख)

ता. क. वरचं वाचून तुम्ही लगेच निघाल, तर तसं अजिबात करू नका. प्रवास लांबचा, गुडघा तसला, आणि एका झाडासाठी माणसाने स्वतःचे हाल करून घेऊ नयेत. कार्ड पुरे.

आणखी एक. निघालातच, तर सकाळची गाडी धरा, तिला गर्दी कमी असते. मशीनची खोली रिकामी केली आहे, हिने गादी उन्हात टाकली आहे आणि मला न विचारता पलंगाची बाजू बदलली आहे, म्हणजे गुडघा भिंतीकडे येणार नाही. मुलगी म्हणत होती की तुम्ही सकाळी खुर्चीत बसता ते संध्याकाळीच उठता, आणि घरात कुणाशी बोलत नाही. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

शेवटचं. वर 'बाकी सगळं मी निभावतो' असं लिहिलं आहे, ते खोडणार होतो, पण शाई पुसट आहे आणि खाडाखोड बरी दिसत नाही. मला ते निभत नाही. काल दुपारी मी कुदळ घेऊन एकटाच गेलो होतो, म्हटलं तुमचा शब्द येईस्तोवर भोवतीची माती तरी मोकळी करून ठेवावी. एक घाव घातला. झाडाला गोंडे आले आहेत, पांढरे, भरपूर. मला वाटलं, दुसरा घाव घालण्याआधी विहीणबाईंना कुणीतरी सांगायला हवं. मी 'विहीणबाई' म्हटलं, आणि पुढे शब्दच सुचेना. त्यांच्याशी मी कधी चहा घ्या आणि पाणी घ्या यापलीकडे बोललोच नव्हतो हो. त्यांच्याशी बोलायचात ते तुम्ही. मी बाकावर बसून राहिलो आणि कुदळ खांद्यावर टाकून परत आलो. कार्ड पाठवू नका. या.